पट्ट्यावरचे झाकण: पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यातला स्फोट

साखर कारखान्यात ज्याने एक गळीत हंगाम काढला आहे, त्याला साखरेची धूळ ओळखीची असते. ग्रेडर (साखर चाळून दाण्यांच्या आकाराप्रमाणे वेगळी करणारे यंत्र) आणि हॉपर (साखर खाली सोडणारे नसराळे) यांच्या आसपास ती हवेत तरंगते, भुवयांवर बसते, घामात विरघळून अंग चिकट करते. मिरचीच्या भुकटीने डोळे चुरचुरतात, सिमेंटच्या धुळीने खोकला लागतो, त्यामुळे त्यांच्यापासून माणूस आपसूक लांब राहतो. साखर जिभेला गोड लागते, म्हणून तिची भीती वाटत नाही. सुरक्षा प्रशिक्षणासाठी कारखान्यांत जातो तेव्हा धोके कोणते, असे मी आधी कामगारांनाच विचारतो. गव्हाण (ऊस यंत्रात टाकायची जागा), बॉयलर, बगॅसच्या म्हणजे उसाच्या चिपाडाच्या ढिगाला लागणारी आग, मळीच्या टाकीत उतरलेला माणूस हे सगळे ते सांगतात. साखरेच्या धुळीचे नाव क्वचितच कोणी घेते. त्यामुळे पोर्ट वेंटवर्थचे प्रकरण मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. इथे ते जरा सविस्तर लिहितो आहे.

7 फेब्रुवारी 2008. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराजवळ, सव्हाना नदीच्या काठावर पोर्ट वेंटवर्थ नावाचे छोटे गाव आहे. तिथे इम्पीरियल शुगर कंपनीचा साखर शुद्धीकरण कारखाना. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कारखान्याच्या पोटात, सायलोंच्या म्हणजे साखर साठवायच्या उंच कोठ्यांच्या खालच्या बोगद्यात, एक स्फोट झाला. त्यामागोमाग स्फोटांची मालिकाच लागली आणि पॅकिंगच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. आगीचे लोळ पंधरा मिनिटांहून अधिक काळ उठत राहिले. 8 कामगार जागीच गेले. आणखी 6 जणांनी ऑगस्टा इथल्या भाजलेल्यांच्या रुग्णालयात एकेक करून प्राण सोडले. त्यातले काही आठवडे, काही महिने झुंजले. म्हणजे एकूण 14. गंभीर जखमी 36, आणि त्यांतल्या कित्येकांचे आयुष्य पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. इमारतींतली मोठी आग दुसऱ्या दिवशी विझली, पण सायलोंमधली साखर आठवडाभर धुमसत होती. ती विझवायला औद्योगिक आगी विझवणारी खास कंपनी बोलवावी लागली.

यात ना गॅस होता, ना तेल, ना रसायन. जळली ती साखर.

कारखाना जुना होता. दाणेदार साखर तिथे 1917 पासून बनत होती. शुद्ध केलेली साखर काँक्रीटच्या 3 सायलोंमध्ये साठवली जाई. प्रत्येक सायलो 105 फूट उंच आणि 40 फूट व्यासाचा. सायलोंना खेटून चार मजली पॅकिंग इमारती होत्या. सायलोच्या तळातून साखर बोगद्यातल्या पोलादी कन्व्हेयर पट्ट्यावर पडे, तिथून बकेट एलिव्हेटरने वर चढे, मग स्क्रू कन्व्हेयरमधून पॅकिंगच्या यंत्रांकडे जाई. काही साखर हॅमर मिलमध्ये दळून तिची पिठीसाखर केली जाई आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीत मक्याचा स्टार्च मिसळला जाई. धुळीच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट भाग, कारण पिठीसाखर म्हणजे मुद्दाम तयार केलेली धूळच.

आता झाकणाची गोष्ट. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे.

बोगद्यातला पट्टा वर्षानुवर्षे उघडा होता. उघड्या पट्ट्यावर छतावरून काहीबाही पडून साखर खराब होण्याची भीती असते आणि खाद्यपदार्थाच्या कारखान्यात ती रास्तच आहे. म्हणून 2007 मध्ये कंपनीने पट्ट्याला वरून आणि दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांचे आवरण बसवले. हेतू चांगला आणि काम नीटनेटके. स्वच्छतेचा परीक्षक ते पाहून खूश झाला असता.

पण पट्टा उघडा होता तेव्हा साखर पडताना उठणारी धूळ बोगद्याच्या मोठ्या हवेत पांगत होती. दाटी कधी धोक्याच्या पातळीला पोहोचत नव्हती, निदान तशी नोंद नाही. आवरण बसल्यावर तीच धूळ एका अरुंद पेटीत अडकली. आतली धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली नव्हती. आत स्फोट झालाच तर दाब सुरक्षितपणे बाहेर सोडणारी झडपाही नव्हत्या. शिवाय सायलोच्या तोंडाशी साखरेचे गठ्ठे अडकायचे आणि कामगारांना ते लोखंडी सळईने फोडावे लागायचे. गठ्ठा सायलोचे तोंड आणि पट्टा यांच्या मधे अडकला की मागून येणारी साखर बाजूला सांडायची, धूळ उठायची, आणि आता ती पेटीतच राहायची.

पेटीत हवा होती, धूळ होती, बंदिस्त जागा होती. उरली फक्त ठिणगी. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने दीड वर्षाहून अधिक काळ तपास करून सप्टेंबर 2009 मध्ये अहवाल दिला. त्यानुसार पट्ट्याचे एखादे बेअरिंग अतिशय तापले आणि त्यानेच बहुधा धूळ पेटवली. बेअरिंग तापणे ही कोणत्याही कारखान्यातली रोजची गोष्ट आहे. मेंटेनन्सवाल्याला विचारा, हंगामात किती बेअरिंग बदलली ते तो बोटांवर मोजू शकणार नाही. उघड्या पट्ट्याचे तापलेले बेअरिंग निदान वासाने किंवा आवाजाने कळते. झाकलेल्या पट्ट्याचे कळायला उशीर होतो.

साखरेचा दाणा काडी लावली तर वितळतो, काळा पडतो, मोठ्या मुश्किलीने जळतो. मग तिची धूळ दारूगोळ्यासारखी का वागते? लाकडाचा ओंडका आणि त्याचाच भुसा यांत जो फरक, तोच इथे. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा जास्त भाग हवेला भिडतो. बारीक कण हवेत तरंगत असेल तर तो सगळ्या बाजूंनी एकदम जळतो आणि शेजारच्या कणाला पेटवतो. पीठ, स्टार्च, दूध पावडर, हळद, कोळसा, ॲल्युमिनियम, लाकूड या सगळ्यांना हे लागू आहे. 1785 मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठीत दिव्याच्या ज्योतीने असाच स्फोट झाला होता आणि त्याचे तपशीलवार वर्णन तेव्हाच लिहून ठेवले गेले. म्हणजे हे ज्ञान सव्वादोनशे वर्षांहून जुने आहे.

बोगद्यातला पहिला स्फोट तिथेच थांबला असता तर नुकसान झाले असते, पण 14 माणसे गेली नसती असे मला वाटते. पहिल्या स्फोटाने भिंती आणि काँक्रीटच्या जमिनी उचलल्या. त्या हादऱ्याने इमारतभर साठलेली धूळ खाली झडली: तुळयांवरची, पाइपांवरची, दिव्यांच्या टोप्यांवरची, केबलच्या ट्रेमधली. ती हवेत मिसळली आणि मागून आलेल्या ज्वाळेने पेटली. त्या स्फोटाने पुढच्या दालनातली धूळ झडली आणि तीही पेटली. याला दुय्यम स्फोट म्हणतात आणि धुळीच्या अपघातांत माणसे बहुतेक वेळा यातच मरतात. ठिणगी एका यंत्रात पडली, पण दालनांमागून दालने जळाली ती तिथे साचू दिलेल्या धुळीमुळे.

किती धूळ पुरते? जमिनीवर 1 मिलिमीटर जाडीचा थर आहे असे समजा. अशी धूळ घनमीटरला साधारण 500 किलो भरते, म्हणजे दर चौरस मीटरवर अर्धा किलो. खोलीची उंची 5 मीटर असेल आणि ती सगळी धूळ एकदम हवेत उडाली, तर घनमीटरला 100 ग्रॅम दाटी होते. अनेक खाद्य धुळींना स्फोटासाठी एवढी दाटी पुरेशी आहे. हा थर कागदाला लावायच्या यूक्लिपच्या तारेएवढा जाड. प्रशिक्षणात मी यूक्लिप हातात देऊन तुळईवरच्या थराशेजारी धरायला सांगतो. आकडे विसरले जातात, यूक्लिप लक्षात राहते. पोर्ट वेंटवर्थमध्ये तर पॅकिंगच्या इमारतींत जमिनीवर सांडलेल्या साखरेचे ढीगच्या ढीग असत आणि उंचावरच्या पृष्ठभागांवर धुळीचे जाड थर.

इथे वाचक म्हणेल, म्हणजे झाडलोट होत नव्हती. पण गोष्ट इतकी सोपी नाही. झाडलोट होत होती. साखर फावड्याने भरून उचलत होते, झाडत होते. यंत्रांवरची साखर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून उडवत होते. पण साखर वाहून नेणारी यंत्रणाच जागोजाग गळत होती. धूळ ओढणारी यंत्रणा अपुरी होती आणि तिची देखभाल नीट नव्हती. गळती सुरू ठेवून झाडत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. एका पाळीत जेवढे झाडावे तेवढे पुढच्या पाळीत पुन्हा पडे. शेवटी माणूस डोळ्यांसमोरची, पायाखालची साखर उचलतो आणि डोक्यावरची सोडून देतो. यात झाडणाऱ्या कामगाराचा दोष मला दिसत नाही. त्याच्या हातात झाडू दिला होता, गळती बंद करण्याचा अधिकार दिला नव्हता.

आणि ती कॉम्प्रेसरची हवा! आपल्याकडेही पिठाच्या गिरणीपासून मसाल्याच्या कारखान्यापर्यंत पाळी संपली की हवेची नळी घेऊन यंत्र फुंकायची पद्धत आहे. यंत्र चकचकीत दिसते, सुपरवायझर समाधानी होतो. प्रत्यक्षात धूळ गेलेली नसते. ती हवेत उडते आणि तासाभराने तुळईवर जाऊन बसते, म्हणजे जिथे झाडू पोहोचतो तिथून उठून जिथे पोहोचत नाही तिथे. फुंकताना हवेत जो ढग होतो, तो स्वतःच पेटू शकतो. फेब्रुवारी 2003 मध्ये केंटकी राज्यातल्या कॉर्बिन इथे ध्वनिरोधक इन्सुलेशन बनवणाऱ्या कारखान्यात नेमके असेच घडले. भट्टीचे दार उघडे होते, शेजारी साफसफाई चालू होती, उडालेली राळेची धूळ भट्टीच्या आगीत पेटली आणि 7 कामगार गेले. स्वच्छता करत असतानाच.

त्याच वर्षी, त्याच्या आधीच्याच महिन्यात, नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनमध्ये औषधांच्या बाटल्यांना लागणारे रबराचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 6 जण मरण पावले. तिथले उत्पादनाचे दालन दिसायला स्वच्छ होते. औषध उद्योगाला माल पुरवणारा कारखाना तो. धूळ साचली होती ती फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कोणी बघत नव्हते. ही दोन प्रकरणे मी पोर्ट वेंटवर्थबरोबर मुद्दाम सांगतो. पहिल्यात धूळ साफ करताना उडाली, दुसऱ्यात साफ दिसणाऱ्या छताआड लपली, आणि तिसऱ्यात, म्हणजे साखर कारखान्यात, माल स्वच्छ ठेवायला बसवलेल्या झाकणात कोंडली.

खाद्य कारखान्यात स्वच्छतेचा अर्थ बहुधा मालाच्या बाजूने लावला जातो. मालात केस नको, झुरळ नको, लोखंडाचा कण नको, जंतू नको. हे सगळे बरोबरच आहे. खाणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण परीक्षक तपासतो तेही तेच: टोपी, हातमोजे, कीटकनाशकाची नोंदवही, साखरेत काय पडू शकते. साखरेतून बाहेर काय पडते आहे, हा प्रश्न त्याच्या यादीत नसतो. खाणाऱ्यासाठी ठेवलेली स्वच्छता आणि कामगारासाठी ठेवलेली स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीसाठी केलेले काम दुसरीच्या मुळावर येऊ शकते. सुरक्षा मंडळानेही हे ओळखले होते. त्याच्या शिफारशी कंपनी आणि सरकारपुरत्या थांबल्या नाहीत. बेकरी उद्योगाची संघटना, खाद्य कारखान्यांचे परीक्षण करणारी संस्था आणि विमा क्षेत्रातले तपासनीस यांनाही त्याने धुळीचा धोका शिकवायला सांगितले.

कंपनीला हे माहीत नव्हते का? माहीत होते. 1960 च्या दशकातल्या अंतर्गत पत्रव्यवहारातही साखरेच्या धुळीच्या स्फोटाचा उल्लेख आहे. अपघाताच्या थोडेच दिवस आधी छतावरच्या एका धूळसंग्राहकात छोटा स्फोट झाला होता आणि तिथल्या झडपांनी तो सुखरूप बाहेर सोडला होता. कारखान्यात अधूनमधून छोट्या आगी लागत, विझवल्या जात, काम पुढे चालू होई. मला यातली सर्वात घातक गोष्ट हीच वाटते. दरवेळी आग विझली की ‘काही होत नाही’ हा विश्वास एका पायरीने पक्का होत गेला. काही महिन्यांपूर्वीच रुजू झालेल्या एका उपाध्यक्षाने कारखान्यांची घाण आणि धोका पाहून इशारे दिले होते. नंतर अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे त्याने तशी साक्षही दिली. नवा माणूस बघतो तेव्हा त्याला धूळ दिसते. वीस वर्षे तिथे असलेल्याला ती भिंतीच्या रंगासारखी वाटू लागते.

बाहेर पडण्याची तयारीही अपुरी होती. इमारत रिकामी करण्याचा सराव झालेला नव्हता. संकटाची सूचना वॉकीटॉकी किंवा मोबाइल जवळ असणाऱ्यांनाच मिळे, बाकीच्यांना कोणीतरी ओरडून सांगायचे. स्फोटाने दिवे गेले, जिने ढासळले, आगीवर पाणी मारणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप फुटले. काळोखात, धुरात, पेटत्या साखरेतून माणसे वाट शोधत होती. वितळलेली साखर अंगाला चिकटते. काकवी किंवा पाकाचा थेंब हातावर पडलेल्या कोणालाही त्याची कल्पना येईल. याहून जास्त लिहवत नाही.

दंडाची बाजू थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने पोर्ट वेंटवर्थ आणि कंपनीच्या लुइझियानातल्या ग्रामर्सी इथल्या कारखान्याला मिळून 87 लाख डॉलरहून अधिक दंड सुचवला, 2010 मध्ये 60 लाखांवर तडजोड झाली. ग्रामर्सीत तर पोर्ट वेंटवर्थच्या स्फोटानंतर महिनाभराने तपासनीस गेले तेव्हाही साखरेची धूळ साचलेलीच होती. पोर्ट वेंटवर्थचा कारखाना पुन्हा बांधून 2009 मध्ये सुरू झाला.

नियमाची बाजू मात्र जास्त बोचते. सुरक्षा मंडळाने 2006 मध्येच, म्हणजे या अपघाताच्या दोन वर्षे आधी, 1980 ते 2005 या काळातले धुळीचे 281 स्फोट आणि आगी मोजल्या होत्या. त्यांत 119 माणसे मेली, 718 जखमी झाली. ज्वालाग्राही धुळीसाठी सगळ्या उद्योगांना लागू होईल असा नियम करा, ही शिफारस तेव्हाच झाली होती. धान्याच्या कोठारांसाठी असा नियम 1987 पासून होता आणि त्याचा उपयोगही दिसला होता, पण साखर त्यात येत नव्हती. पोर्ट वेंटवर्थनंतर नियमाचे काम सुरू झाले, रेंगाळले आणि 2017 मध्ये विषयपत्रिकेवरून काढून टाकले गेले.

आपल्याकडचे चित्र उलटे आहे. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 37 होते. स्फोटक धूळ निर्माण होत असेल तर यंत्र परिणामकारकपणे बंदिस्त करा, धूळ काढून टाका किंवा साचू देऊ नका, ठिणगीचे सगळे उगम दूर करा किंवा झाका. आणि यंत्र स्फोटाचा दाब सहन करण्याइतके भक्कम नसेल तर झडपा, अडथळे असे उपाय करा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी लिहिलेले हे कलम वाचताना मी दरवेळी थक्क होतो. बंदिस्त करण्याबरोबर धूळ काढणे आणि दाबाला वाट देणे, हे तिन्ही त्यात एकत्र आहे. पोर्ट वेंटवर्थच्या आवरणात यातले फक्त पहिले होते.

महाराष्ट्रातले बहुतेक साखर कारखाने उसापासून थेट पांढरी साखर करतात आणि ग्रेडरवरून ती 50 किलोच्या पोत्यांत भरली जाते. पिठीसाखरेची हॅमर मिल आणि भूमिगत बोगदा तिथे सहसा नसतो, त्यामुळे धोका अगदी तसाच नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रिफायनरी जोडलेले, सायलोत साखर साठवणारे, छोट्या पाकिटांत भरणारे कारखाने आता आपल्याकडे आहेत. पिठीसाखर दळणारे छोटे उद्योग आणि मसाला, बेसन, स्टार्च, दूध पावडर यांचे कारखाने तर औद्योगिक वसाहतींमधून ठायीठायी दिसतात.

अशा ठिकाणी गेलो की मी आधी शिडी मागतो. पॅकिंग विभागातली सर्वात उंच तुळई बोटाने पुसून बघतो आणि मग तिथल्या सुपरवायझरलाही वर चढवतो. नंतर एलिव्हेटरच्या तळाशी उकिडवा बसून, रोज किती किलो सांडलेला माल पुन्हा उचलला जातो ते विचारतो. बहुतेक ठिकाणी हा आकडा कोणाकडे नसतो, कारण तो माल परत यंत्रात टाकला जातो आणि हिशेबात तूट दिसत नाही. हा आकडा महिनाभर फळ्यावर लिहा, एवढीच माझी पहिली मागणी असते. कोणत्या जोडाला गळती आहे ते त्यावरून कळते आणि जोडातले गॅस्केट बदलायला फिटर लागतो, झाडूवाला नाही. दुसरी मागणी हवेच्या नळीची. ती कुलपात ठेवा आणि धुळीसाठी बनवलेला, ठिणगी न पाडणारा व्हॅक्यूम क्लीनर घ्या. किंमत ऐकून मालक दचकतात. तिसरी मागणी नव्या झाकणांबाबत असते. गेल्या दोन वर्षांत कोणत्या पट्ट्यावर, एलिव्हेटरवर किंवा हॉपरवर नवे आवरण बसवले, ते कोणाच्या सांगण्यावरून बसवले आणि त्या कागदावर धूळ ओढणाऱ्या पाइपचा व झडपेचा उल्लेख आहे का, ते मी विचारतो. तो कागद शोधायला बहुधा जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वेळ लागतो. मी थांबतो.